माधवराव सप्रे : उंबरठ्याचा हक्क जाणणारा रायपूरचा संपादक

लोकमान्य टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, २२ ऑगस्ट १९०८ रोजी, त्याच कलमाखाली नागपुरात आणखी एका संपादकाला अटक झाली. घरात मराठी बोलणारा आणि पत्रात हिंदी लिहिणारा हा संपादक म्हणजे पंडित माधवराव सप्रे. हिंदी पत्रकारितेच्या इतिहासात त्यांचे स्थान फार वरचे आहे. रायपूरमध्ये त्यांच्या नावाची शाळा आहे आणि भोपाळमध्ये त्यांच्या नावाने जुन्या वृत्तपत्रांचे मोठे संग्रहालय उभे आहे. महाराष्ट्रात मात्र त्यांचे नाव अभ्यासकांच्या वर्तुळापलीकडे फारसे पोहोचलेले नाही.

सत्ता सामान्य माणसाच्या दाराशी येऊन उभी राहते, तेव्हा त्या माणसाच्या हाती काय उरते, हा प्रश्न सप्रे यांच्या आयुष्यात दोन वेळा उभा राहिला. पहिल्या वेळी त्यांनी तो एका कथेत मांडला. दुसऱ्या वेळी तो त्यांच्या स्वतःच्या घरावर येऊन आदळला. त्यांच्या चरित्राचा विचार या दोन प्रसंगांना सोडून करता येत नाही.

पथरियाहून रायपूरला

माधवरावांचा जन्म १९ जून १८७१ रोजी आजच्या मध्य प्रदेशातील दमोह जिल्ह्यात पथरिया या गावी झाला. वडिलांचे नाव कोंडोपंत आणि आईचे लक्ष्मीबाई. पुढे हे कुटुंब बिलासपूरला आले. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडवर प्रस्थापित झाली, तेव्हापासून बिलासपूर, रतनपूर आणि रायपूर या भागांत मराठी कुटुंबे स्थायिक होत गेली. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन इंग्रजी अंमल आला, तरी ही कुटुंबे तेथेच राहिली. कुणी कचेरीत कारकुनी केली, कुणी शिक्षक झाले, कुणी वकिली केली. घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी व इंग्रजी असा त्यांचा दिनक्रम होता. रायपूरच्या तात्यापारा भागात ही मराठी वस्ती आजही ओळखू येते.

बिलासपूरला प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षण आटोपून माधवराव रायपूरच्या सरकारी हायस्कूलमध्ये दाखल झाले. तेथील शिक्षक नंदलाल दुबे यांनी त्यांच्यात हिंदी साहित्याची गोडी निर्माण केली. पुढे जबलपूर, ग्वाल्हेर आणि नागपूर येथे शिक्षण घेत त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्ता विद्यापीठाची बी. ए. पदवी मिळवली. त्या काळात मध्य प्रांतात पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. पदवीधराला सरकारी नोकरीचे दार सहज उघडत असे. सप्रे यांच्यापुढेही महसूल खात्यातील नोकरीची संधी आली. ती त्यांनी नाकारली आणि पेंड्रा येथील राजकुमाराच्या शिक्षकाची नोकरी पत्करली. तिच्यातून हाती येणाऱ्या पैशावर एक मासिक काढायचे, हा त्यांचा बेत होता.

पेंड्र्याचे मासिक

जानेवारी १९०० मध्ये 'छत्तीसगढ मित्र' या हिंदी मासिकाचा पहिला अंक निघाला. संपादक म्हणून सप्रे यांच्यासोबत रामराव चिंचोलकर होते आणि प्रकाशनाची जबाबदारी रायपूरचे वामन बळीराम लाखे यांनी उचलली होती. तिन्ही नावे मराठी, भाषा हिंदी आणि प्रदेश छत्तीसगड, असा हा उद्योग होता. पेंड्रा त्या वेळी बिलासपूर जिल्ह्यातील एक आडबाजूचे गाव होते. आज ते गौरेला-पेंड्रा-मरवाही या २०२० मध्ये स्थापन झालेल्या जिल्ह्यात आहे. छत्तीसगडमधील पत्रकारितेचा आरंभ या मासिकापासून मानला जातो.

मासिकात सप्रे यांनी ग्रंथपरीक्षणाला मोठी जागा दिली. हिंदीत तोपर्यंत पुस्तकांची तोंडभरून स्तुती करण्याची किंवा नुसती पोच देण्याची रीत होती. सप्रे यांनी पुस्तकातील गुणदोष कारणांसह दाखवण्याची पद्धत रुजवली. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने हिंदी वैज्ञानिक कोशाचे काम हाती घेतले, तेव्हा अर्थशास्त्राच्या परिभाषेची जबाबदारी त्यांच्याकडे आली. मासिकाला वर्गणीदार मात्र पुरेसे मिळाले नाहीत. तोटा सोसत ते तीन वर्षे चालले आणि १९०२ च्या अखेरीस बंद पडले.

झोपडी आणि टोपलीभर माती

या मासिकात १९०१ मध्ये सप्रे यांची 'एक टोकरी भर मिट्टी' ही छोटीशी कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिली कथा कोणती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही हा मान या कथेला देणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

कथा साधी आहे. एका जमीनदाराच्या वाड्याशेजारी एका गरीब विधवेची झोपडी असते. वाड्याचे आवार वाढवण्यासाठी जमीनदाराला ती जागा हवी असते. विधवेचा नवरा आणि एकुलता एक मुलगा त्याच झोपडीत गेलेले असतात. सूनही एक लहान मुलगी मागे ठेवून वारलेली असते. त्या नातीला घेऊन म्हातारी तेथे राहते आणि जागा सोडायला तयार होत नाही. जमीनदार वकिलांचे खिसे भरतो, न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो आणि म्हातारीला बाहेर काढतो. नात घराची आठवण काढून अन्न सोडते, तेव्हा चूल घालण्यासाठी टोपलीभर माती मागायला म्हातारी परत येते. टोपली डोक्यावर चढवून द्या, अशी विनंती ती जमीनदारालाच करते. त्याला ती टोपली उचलत नाही. एका टोपलीचा भार पेलवत नसेल, तर या झोपडीतील हजारो टोपल्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार, हा तिचा प्रश्न त्याचे डोळे उघडतो आणि तो झोपडी परत करतो.

या कथेतील एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. जमीनदार लाठी घेऊन येत नाही, तो कागद घेऊन येतो. म्हातारीचे घर जाते ते न्यायालयाच्या आदेशाने, म्हणजे कायद्याच्याच हाताने. पैसा असणाऱ्याला कायदा उपलब्ध असतो आणि राहणाऱ्याजवळ केवळ राहण्याचा हक्क असतो, ही विषमता सप्रे यांनी ओळखली होती. कथेत जमीनदाराचे मन पालटल्यामुळे न्याय होतो. प्रत्यक्षात मन पालटण्यावर विसंबून राहता येत नाही, याचा अनुभव सात वर्षांनी त्यांना स्वतःलाच आला.

हिंदी केसरी

१९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर देशभर स्वदेशी आणि बहिष्काराची लाट उठली. सप्रे तोपर्यंत नागपूरला आले होते. तेथे त्यांनी १९०६ मध्ये 'हिंदी ग्रंथमाला' सुरू केली. स्वदेशी चळवळ आणि बहिष्कार यांवरील त्यांची हिंदी पुस्तिका याच काळातील. ती पुढे सरकारने जप्त केली.

टिळकांचे विचार हिंदी भाषकांपर्यंत पोहोचवण्यासाठी १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून 'हिंदी केसरी' हे साप्ताहिक सुरू झाले. पुण्याच्या 'केसरी'तील मजकूर हिंदीत आणणे आणि त्याला मध्य प्रांतातील घडामोडींची जोड देणे, असे त्याचे स्वरूप होते. नागपूर त्या वेळी राजकारणाने तापलेले होते. १९०७ चे काँग्रेस अधिवेशन नागपुरात व्हायचे होते, परंतु जहाल आणि मवाळ यांच्या वादामुळे ते सुरतेला हलवण्यात आले आणि तेथे काँग्रेस दुभंगली. मराठीत कळणारा टिळकांचा आवाज आता जबलपूर, रायपूर, काशी आणि प्रयाग येथेही ऐकू जाऊ लागला होता. सरकारच्या दृष्टीने हीच अडचणीची गोष्ट होती.

झडतीचा कायदा आणि टिळकांचे घर

३० एप्रिल १९०८ रोजी मुजफ्फरपूर येथे बॉम्बस्फोट झाला आणि सरकारने वृत्तपत्रांविरुद्ध मोहीम उघडली. ८ जून १९०८ रोजी वृत्तपत्रांना चिथावणीच्या गुन्ह्यासाठी जबाबदार धरणारा आणि छापखाना जप्त करण्याची मुभा देणारा नवा कायदा संमत झाला. त्याच दिवशी स्फोटक पदार्थांविषयीचा कायदाही झाला. २४ जून रोजी टिळकांना मुंबईत अटक झाली. ते कोठडीत असतानाच पुण्यातील त्यांच्या राहत्या जागेची झडती घेण्यात आली. त्या झडतीत एक पोस्टकार्ड सापडले. त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. सरकारी पक्षाने ते खटल्यात पुरावा म्हणून मांडले. नव्या स्फोटक कायद्यावर टीका लिहिण्यासाठी ती माहिती हवी होती, असा खुलासा टिळकांनी केला. ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले.

घराच्या झडतीत सापडलेला कागदाचा एक साधा तुकडा माणसाविरुद्ध कसा उभा करता येतो, हे या खटल्याने दाखवून दिले. त्या दिवसांत प्रत्येक राष्ट्रीय वृत्तपत्राच्या संपादकाला हे प्रकरण स्वतःच्या घराकडे बोट दाखवणारे वाटले असल्यास नवल नाही. पत्रव्यवहार, वर्गणीदारांच्या याद्या, अर्धवट लिहिलेले लेख, मित्रांची पत्रे हे सारे घरातच असे. संपादकाचे कार्यालय आणि घर यांत फारसे अंतर नसे.

कायद्याने घरात राहणाऱ्याला काहीच हक्क दिले नव्हते, असे मात्र नाही. १८९८ ची फौजदारी प्रक्रिया संहिता त्या वेळी लागू होती. बंद घराची झडती घ्यायची असेल तर सामान्यतः मॅजिस्ट्रेटचे वॉरंट आवश्यक होते. वॉरंट दाखवल्यावर घरमालकाने दार उघडणे बंधनकारक होते. पण झडतीपूर्वी त्याच वस्तीतील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलावण्याचे बंधन पोलिसांवरही होते. झडती त्यांच्या समक्ष व्हावी, जप्त केलेल्या प्रत्येक वस्तूची यादी तयार व्हावी आणि तीवर पंचांच्या सह्या असाव्यात, अशी तरतूद होती. घरात राहणाऱ्याला किंवा त्याच्या वतीने कुणाला तरी झडतीच्या वेळी हजर राहू देणे आवश्यक होते आणि त्याने मागितल्यास यादीची प्रत त्याला द्यावी लागे. पडदा पाळणाऱ्या स्त्रिया घरात असतील तर त्यांना आधी सूचना देऊन बाजूला होण्याची संधी द्यायची होती. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यायची होती.

राजद्रोहाच्या कलम १२४-अ बाबत आणखी एक मर्यादा होती. हा गुन्हा पोलिसांना वॉरंटाशिवाय अटक करता येईल अशा गुन्ह्यांत मोडत नव्हता आणि खटला भरण्यासाठी सरकारची मंजुरी लागत असे. जुलमी समजल्या गेलेल्या त्या राजवटीच्या कायद्यातही फौजदाराने आपल्या मर्जीने उठून एखाद्या संपादकाला राजद्रोहासाठी पकडावे, अशी सोय नव्हती.

कागदावरच्या या संरक्षणाला मोठे छिद्र होते. वॉरंट देणारा मॅजिस्ट्रेट आणि खटल्याला मंजुरी देणारे शासन, दोघेही एकाच सत्तेचे भाग होते. पंच म्हणून येणारे शेजारी पोलिसांना दुखवायला धजावत नसत. आणि झडतीत नियमभंग झाला, तरी तेवढ्यावरून सापडलेला पुरावा रद्द होत नसे.

अटक आणि माफी

२२ ऑगस्ट १९०८ रोजी 'हिंदी केसरी'तील लेखांबद्दल सप्रे यांना अटक झाली. नागपूरच्या 'देशसेवक' या मराठी पत्राचे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांच्यावरही त्याच सुमारास राजद्रोहाची कारवाई झाली. कोल्हटकर पुढे 'संदेश'कार म्हणून मराठी वाचकांना परिचित झाले. कलम १२४-अ खाली जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षाही होऊ शकत होती. टिळकांचे उदाहरण महिन्याभरापूर्वीचे होते.

सप्रे यांचे कुटुंब सधन नव्हते. वडीलकीच्या जागी असलेले थोरले बंधू बाबूराव सरकारी नोकरीत होते. सप्रे यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे, की माधवरावांनी माफी मागून सुटका करून घ्यावी, असा आग्रह बाबूरावांनी धरला आणि तसे न केल्यास जीव देण्याचा धाक घातला. तुरुंगात असलेल्या माणसापुढे आता सरकार नव्हते, भाऊ होता. कायद्याचा सामना करण्याची तयारी असलेल्या सप्रे यांना या दडपणापुढे टिकता आले नाही. १९०८ च्या अखेरीस त्यांनी माफी लिहून दिली आणि त्यांची सुटका झाली.

राष्ट्रीय पक्षात या माफीने मोठी निराशा पसरली. टिळक मंडालेला रवाना झालेले असताना त्यांच्याच नावाचे हिंदी पत्र चालवणाऱ्याने माघार घ्यावी, हे अनेकांना सहन झाले नाही. 'हिंदी केसरी'ही फार काळ टिकले नाही.

या माफीचे समर्थन करण्याची गरज नाही आणि ती लपवण्याचीही नाही. राजसत्तेचा दबाव नेहमी पोलिसांच्या रूपानेच येतो असे नाही. तो घरातल्या माणसांच्या भीतीतून येतो. वॉरंट एकाच्या नावाने निघते, पण ते सबंध घरावर बजावले जाते. नोकरीवर असलेला भाऊ, लग्नाच्या मुली, शेजाऱ्यांच्या नजरा या सर्वांना ते लागू होते. घरात राहणाऱ्याला कायद्याने दिलेले हक्क कितीही नीट लिहिलेले असोत, ते वापरण्याची ताकद त्या घरात नसेल, तर ते निरुपयोगी ठरतात. सप्रे यांचा पराभव न्यायालयात झाला नाही, तो कुटुंबात झाला.

मधुकरीचे दिवस

सुटकेनंतर सप्रे यांनी स्वतःला जी शिक्षा दिली, ती न्यायालयाने दिली असती त्याहून वेगळी होती. सार्वजनिक जीवनातून ते दूर झाले. वर्ध्याजवळील हनुमानगडावर रामदासी संप्रदायातील श्रीधर विष्णू परांजपे यांच्याजवळ ते राहिले. दासबोधाची पारायणे केली. पुढे रायपूरला परतल्यावर त्यांनी बराच काळ मधुकरी मागून उदरनिर्वाह केला. ज्या शहरात पदवीधर म्हणून त्यांचा मान होता, त्याच शहरात ते दारोदार झोळी घेऊन फिरले. रायपूरमध्ये त्यांनी रामदासी मठही स्थापन केला.

या काळात त्यांच्या हातून मोठे काम झाले. समर्थ रामदासांचा दासबोध त्यांनी हिंदीत आणला. चिंतामण विनायक वैद्य यांच्या महाभारतावरील उपसंहाराचाही हिंदी अनुवाद त्यांनी केला. सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे 'गीतारहस्या'चा अनुवाद. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला होता. जून १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली, तेव्हा हस्तलिखित सरकारच्या ताब्यात होते आणि ते काही काळाने परत मिळाले. १९१५ मध्ये मूळ मराठी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात सप्रे यांचा हिंदी अनुवाद वाचकांच्या हाती आला. उत्तर भारतात 'गीतारहस्य' पोहोचले ते याच अनुवादातून.

ज्या खटल्यात घराच्या झडतीत सापडलेले पोस्टकार्ड पुरावा ठरले, त्याच खटल्याच्या शिक्षेत हा ग्रंथ लिहिला गेला आणि त्याच वर्षी खचलेल्या माणसाने तो हिंदीत नेला. टिळकांनी या अनुवादाचे काम सप्रे यांच्याकडे सोपवले, यातच पूर्वीच्या प्रसंगाचा निकाल लागला होता.

पडद्यामागचा संपादक

सप्रे पुन्हा सार्वजनिक कामात आले, पण पुढे उभे राहण्याचा हव्यास त्यांनी कायमचा सोडला होता. रायपूरमध्ये मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी जानकीदेवी पाठशाळा काढली. १७ जानेवारी १९२० रोजी जबलपुरात 'कर्मवीर' हे साप्ताहिक सुरू झाले. त्यामागची प्रेरणा आणि जुळवाजुळव मुख्यतः सप्रे यांची होती. संपादकपद मात्र त्यांनी माखनलाल चतुर्वेदी या तरुण कवीकडे दिले. चतुर्वेदी यांना १९२१ मध्ये बिलासपूर येथील भाषणाबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली आणि त्यांनी तुरुंगवास भोगला. सप्रे यांनी घडवलेल्या पिढीने तेच कलम न डगमगता पेलले.

असहकाराच्या काळात, १९२१ मध्ये, रायपूरला राष्ट्रीय विद्यालय सुरू करण्यात सप्रे यांचा पुढाकार होता. १९२४ मध्ये डेहराडून येथील हिंदी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. मातृभाषा मराठी असलेल्या माणसाला हिंदी जगताने दिलेला हा सर्वोच्च सन्मान होता. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपूर येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ५४ वर्षांचे होते.

उंबरठा पुढे कुठे पोहोचला

सप्रे यांच्या हयातीतच झडतीचा कायदा काहीसा कडक झाला होता. १९२३ च्या दुरुस्तीने, वॉरंटाशिवाय झडती घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याला आधी आपली कारणे लिहून ठेवणे आणि ती मॅजिस्ट्रेटकडे पाठवणे बंधनकारक झाले. स्वातंत्र्यानंतर घटनेने व्यक्तिस्वातंत्र्याची हमी दिली. १९६२ मध्ये खडकसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाळतीच्या नावाखाली रात्री-अपरात्री घरी जाऊन दार ठोठावण्याची पोलिसांची तरतूद घटनाबाह्य ठरवली. राधाकिशन प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की नियम मोडून होणाऱ्या झडतीला घरात राहणारा हरकत घेऊ शकतो, मात्र केवळ त्या कारणाने जप्ती रद्द होत नाही. १९७५ मध्ये गोविंद प्रकरणात मध्य प्रदेश पोलिसांचे पाळतीविषयीचे नियम न्यायालयापुढे आले. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होते. ते नियम कायम राहिले, पण त्यांची व्याप्ती मर्यादित ठेवावी, असे न्यायालयाने सुचवले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने मान्य केले.

या वाटचालीत एक विरोधाभास मात्र आहे. इंग्रजांच्या काळात वॉरंटाशिवाय अटक करता न येणारा राजद्रोहाचा गुन्हा १९७३ च्या नव्या फौजदारी संहितेने दखलपात्र केला. म्हणजे सप्रे यांना परकीय राजवटीत जे संरक्षण कागदोपत्री होते, ते स्वतंत्र भारतातील संपादकाला पन्नास वर्षे नव्हते. ११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२४-अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुने कलम गेले. त्याच्या जागी देशाचे सार्वभौमत्व आणि एकात्मता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी कलम १५२ आले आहे. त्याच्या व्याप्तीविषयी वाद सुरू आहे.

त्याच दिवसापासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडतीबाबतची जुनी चौकट कायम ठेवली आहे. वस्तीतील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित पंच, जप्त वस्तूंची यादी, घरात राहणाऱ्याची उपस्थिती आणि त्याला मिळणारी यादीची प्रत, हे सारे कलम १०३ मध्ये आहे. कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केले आहे. १८९८ मध्ये पंचांच्या सह्यांवर भिस्त होती, आता ती कॅमेऱ्यावरही आहे. परंतु आपल्या घरात हजर राहण्याचा आणि यादी मागण्याचा हक्क आहे, हे दारात पोलीस उभे असताना आठवले पाहिजे आणि ते बोलून दाखवण्याचे धैर्य असले पाहिजे. ही अट शंभर वर्षांत बदललेली नाही.

रायपूरच्या बूढापारा भागात माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा आहे. भोपाळमधील त्यांच्या नावाचे वृत्तपत्र संग्रहालय १९८४ मध्ये सुरू झाले आणि तेथे देशभरातील जुनी पत्रे व मासिके जतन करून ठेवली आहेत. ज्या कागदांसाठी एकेकाळी घरांची झडती होत असे, तसे कागद आज तेथे अभ्यासकांसाठी खुले आहेत. सप्रे यांच्या कथेतील म्हातारीने एका टोपलीभर मातीच्या बळावर आपली झोपडी परत मिळवली. सप्रे यांना स्वतःला तसे करता आले नाही. तरीही आपल्या उमेदीच्या वयातील एका माघारीचे प्रायश्चित्त त्यांनी उरलेल्या सतरा-अठरा वर्षांच्या मूक कामाने घेतले, आणि छत्तीसगडने ते विसरू दिलेले नाही.